वाचावयाचें सूत्र, चालणारें यंत्र

लिहिलेली आज्ञा हा प्रथम केवळ मजकूर असतो. तिचा अर्थ यंत्राकडून पाळवून घेण्यास दुभाष्या लागतो. १९५८ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेंत जॉन मॅकार्थी यांनीं लिस्प ही संगणकभाषा रचावयास घेतली. तींतील ‘इव्हॅल’ हें सूत्र याद्यांच्या रूपांत लिहिलेल्या आज्ञेचें फल काढी. मॅकार्थींच्या मतें तें केवळ वाचण्यापुरतें होतें. सहकारी स्टीव्ह रसेल यांनीं मात्र तें आयबीएम ७०४ यंत्राच्या भाषेंत उतरविलें, आणि लिस्पला दुभाष्या लाभला. पुढें १९९५ सालच्या जावास्क्रिप्टमध्यें याच नांवाची क्रिया अक्षरमालेंत सांठविलेला मजकूर आज्ञा म्हणून चालवूं लागली. सोय झाली, पण बाहेरून आलेलें परक्याचें वाक्यहि यंत्र तितक्याच निष्ठेनें पाळूं लागलें. दुभाष्या आज्ञाधारक खरा. बोलणारा कोण, हें मात्र धन्यानेंच पाहिलें पाहिजे.