गोवा, लिस्बन आणि एकच पासपोर्ट

१/ गाव न सोडताही माणूस आपल्याच गावात परदेशी ठरू शकतो का? दुहेरी नागरिकत्वाबाबत भारतीय कायदा इतका कठोर का भासतो, हे समजून घ्यायचे तर गोव्याचा इतिहास पाहावा लागतो.

२/ १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यातील पोर्तुगीज राजवट संपली. २८ मार्च १९६२ च्या आदेशाने तेथे जन्मलेले लोक भारतीय नागरिक मानले गेले. पूर्वीचे नागरिकत्व राखू इच्छिणाऱ्यांना तसे लेखी कळवण्यासाठी एक महिना मिळाला. दोन्ही राखण्याची सोय नव्हती.

३/ फादर मोंतेरो या धर्मगुरूंनी पोर्तुगीज नागरिकत्व निवडले. परिणामी गोव्यात राहण्यासाठी त्यांना परवाना लागू लागला. नोव्हेंबर १९६४ मध्ये त्याची मुदत संपली, तरी ते तेथेच राहिले. त्यांच्यावर खटला झाला आणि शिक्षाही झाली. गोवा हा व्याप्त प्रदेश असल्याने जिनिव्हा करारांचे संरक्षण मिळावे, हा त्यांचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली फेटाळला.

४/ १९७४ च्या अखेरीस पोर्तुगालने करार करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. मात्र १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचा व त्यांच्या संततीचा नागरिकत्वावरील हक्क तेथील कायद्याने पुढेही मानला. जन्माची नोंद लिस्बनमध्ये झाली की पासपोर्टचा मार्ग खुला होतो. १९८६ साली पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेल्यावर या पासपोर्टचे मोल वाढले. इंग्लंडमधील स्विंडनसारख्या शहरात गोमंतकीयांची मोठी वस्ती झाली, ती याच वाटेने.

५/ खरा पेच येथे आहे. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. १९५६ च्या नियमांनी परदेशी पासपोर्ट हा त्याचा निर्णायक पुरावा ठरवला. लिस्बन ज्याला जन्मसिद्ध हक्काची नोंद मानते, ते दिल्लीच्या लेखी स्वेच्छेने घेतलेले नवे नागरिकत्व असते.

६/ म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या गोमंतकीयाला जुन्या भारतीय पासपोर्टवर घरी येता येत नाही. तो परत करावा लागतो आणि प्रवेशासाठी व्हिसा किंवा ओसीआय कार्ड घ्यावे लागते. २००५ च्या कायदादुरुस्तीनंतर आलेल्या या कार्डाला व्यवहारात दुहेरी नागरिकत्व म्हटले जाते. प्रत्यक्षात तो आजीवन व्हिसा आहे. त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीनही विकत घेता येत नाही.

७/ १९६२ च्या पिढीला निवडीसाठी एक महिना मिळाला होता. आज तशी मुदत उरलेली नाही. निवड मात्र टळलेली नाही.