एकाच किल्लीचे कुलूप

गुप्तलेखनाचा इतिहास वाचताना आपले लक्ष बहुधा कुलपाच्या कारागिरीकडे जाते. किल्लीचा विचार मागे पडतो. लिहिणारा आणि वाचणारा या दोघांजवळ एकच किल्ली असावी लागते, अशा पद्धतीस आज ‘सममित’ पद्धती म्हणतात. सीझरच्या काळापासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत राजदरबारांचे व सैन्यांचे गुप्तलेखन याच जातीचे होते. तिचे मोठे वैगुण्य कुलपाच्या घडणीत नसून किल्लीच्या प्रवासात आहे, असे माझे मत आहे. आणि त्यास जर्मन ‘एनिग्मा’ यंत्राइतका बोलका दाखला क्वचितच सापडेल.

हे यंत्र दिसावयास टंकलेखन-यंत्रासारखे होते. आतील फिरत्या चक्रांमुळे प्रत्येक अक्षरागणिक लिपी बदलत असे. पाच चक्रांतून तीन निवडून व दहा तारा जोडून मिळणाऱ्या मांडण्यांची संख्या १५९ वर अठरा शून्ये इतकी भरते. या प्रचंड संख्येवर जर्मन अधिकाऱ्यांनी विश्वास टाकला, आणि तो गणिताच्या दृष्टीने चूक नव्हता. परंतु आजची मांडणी कोणती, हे दूरच्या ठाण्यास कळावे कसे? त्यासाठी महिन्याचे तक्ते आगाऊ छापून, माणसांच्या हातून, ठाण्याठाण्यांस पोचवावे लागत.

पहिला घात त्या हातांनीच केला. जर्मन सैन्याच्या संकेत-कचेरीतील हान्स-टिलो श्मिट नावाच्या नोकराने १९३१ मध्ये फ्रेंच हेरखात्याशी संधान बांधले आणि पैशांच्या मोबदल्यात यंत्राची माहितीपुस्तके व पुढे महिन्याचे तक्तेही विकले. ते कागद पोलंडला मिळाले. तेथील मारियान रेयेव्हस्की या सत्तावीस वर्षांच्या गणितज्ञाने त्यांच्या आधारे, लष्करी यंत्र डोळ्यांनीही न पाहता, १९३२ च्या अखेरीस त्याच्या चक्रांची अंतर्रचना शोधून काढली.

रेयेव्हस्कीस दुसरे साह्य झाले तेही किल्लीच्या प्रवासामुळेच. दिवसाची किल्ली सर्वांची सामाईक. पण सर्व संदेश एकाच किल्लीने लिहिणे धोक्याचे, म्हणून प्रत्येक संदेशासाठी तारवाल्याने तीन अक्षरे नव्याने निवडावयाची असत. ती पलीकडच्यास कळविणे प्राप्तच होते. हवेतील गोंगाटात एखादे अक्षर हरवू नये म्हणून ती तीन अक्षरे दोनदा लिहीत. हीच द्विरुक्ती घातक ठरली, कारण पहिले व चौथे अक्षर मुळात एकच आहे हे शत्रूस ठाऊक झाले. त्यात तारवाले आळसाने ‘ए-ए-ए’ अशी अक्षरे निवडीत. विद्यार्थ्यांच्या तीन पिढ्या पाहिलेल्या मुख्याध्यापकास याचे नवल वाटत नाही! ही द्विरुक्ती बंद व्हावयास १ मे १९४० उजाडावा लागला.

तिसरी कथा समुद्रावरची. नौदलाचे तक्ते पाण्यात विरघळणाऱ्या शाईने छापलेले असत, म्हणजे जहाज बुडताना तेही नष्ट व्हावेत. ब्लेचली पार्कमधील हॅरी हिन्स्ली या बावीस वर्षांच्या तरुणाने त्यावर साधा तर्क केला. उत्तर अटलांटिकात हवामान नोंदविणारी एकाकी जर्मन जहाजे दीर्घकाळ बंदराबाहेर असतात. तेव्हा पुढील महिन्याची किल्लीही त्यांच्यापाशी असलीच पाहिजे. हल्ला होताच खलाशी चालू कागद समुद्रात फेकतील, पण तिजोरीतले राहून जातील. ७ मे १९४१ रोजी ‘म्युन्शेन’ जहाज पकडले तेव्हा तसेच घडले. जूनचे तक्ते इंग्रजांच्या हाती आले. २८ जून रोजी ‘लाउएनबुर्ग’वरून जुलैचे मिळाले. एका लहानशा जहाजाच्या तिजोरीने त्याच किल्लीवर चालणाऱ्या दूरदूरच्या पाणबुड्यांचे बेत उघडे केले.

मग प्रत्येक जोडीला स्वतंत्र किल्ली का देऊ नये? हजार ठाण्यांना ४,९९,५०० किल्ल्या लागतील. तितक्या छापणे, वाटणे व जपणे कोणत्या सैन्यास झेपणार? म्हणून किल्ली सामाईक करावयाची, आणि सामाईक केली की सर्वांची सुरक्षितता सर्वांत निष्काळजी माणसाच्या हाती द्यावयाची, असा हा पेच होता.

तो सोडविण्याचा मार्ग १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन या अमेरिकन संशोधकांनी प्रसिद्ध केला. उघड्या वाटेवरून बोलूनही दोघांना एक गुप्त किल्ली सिद्ध करता येते, हे त्यांनी दाखविले. सममित पद्धती त्यामुळे मोडीत निघाली नाही. आजही मजकूर झाकण्याचे बहुतेक काम तीच करते, कारण ती वेगवान आहे. किल्ली पोचविण्याचे काम तेवढे दुसऱ्या पद्धतीकडे गेले.

मात्र ब्रिटिश संकेतखात्यातील जेम्स एलिस यांना १९७० मध्येच अशी गोष्ट शक्य असल्याचे उमगले होते, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ व १९७४ मध्ये तिच्या प्रत्यक्ष रीतीही शोधल्या होत्या. खात्याने हे सर्व गुप्त ठेवले. डिसेंबर १९९७ मध्ये ते जाहीर झाले, त्याच्या काही आठवडे आधीच एलिस निवर्तले होते.