एकसमान त्वरणाची उदाहरणे सोडविण्याची रीत

सरळ रेषेत जाणाऱ्या वस्तूचा वेग समान कालावधीत समान प्रमाणात बदलत असेल, तर तिची गती एकसमान त्वरित असते. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूची गती अशीच असते, हे गॅलिलीओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले. आद्य वेग, अंतिम वेग, त्वरण, काल आणि विस्थापन, म्हणजे दिशेसह मोजलेला स्थानबदल, या पाच राशींपैकी तीन माहीत असल्या की उरलेल्या दोन काढता येतात. मात्र आकडेमोडीपूर्वी धन दिशा ठरविणे सर्वांत महत्त्वाचे, कारण बहुतेक चुका चिन्हांच्याच असतात. २४.५ मीटर उंच मनोऱ्याच्या कडेवरून १९.६ मीटर प्रतिसेकंद वेगाने चेंडू सरळ वर फेकला व वरची दिशा धन मानली, तर जमिनीपर्यंतचे विस्थापन उणे २४.५ मीटर आणि त्वरण उणे ९.८ मीटर प्रतिसेकंद वर्ग घ्यावे लागते, आणि ‘विस्थापन = आद्य वेग × काल + ½ × त्वरण × काल²’ या समीकरणातून कालाच्या ५ सेकंद व उणे १ सेकंद अशा दोन किमती मिळतात. उणे किंमत सहसा खोडली जाते; वस्तुतः तीही अर्थपूर्ण आहे, कारण हाच चेंडू १ सेकंद आधी जमिनीवरून २९.४ मीटर प्रतिसेकंद वेगाने फेकला असता, तर तो कडेपाशी नेमक्या त्याच वेगाने पोचला असता. पावसाच्या थेंबाप्रमाणे हवेचा विरोध लक्षणीय असेल, तेथे त्वरण स्थिर राहत नसल्याने ही समीकरणे लागू पडत नाहीत.