मेजावर ठेवलेले अर्ज

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील अमेरिकन काँग्रेसच्या छापील कार्यवृत्ताचा कोणताही दिवस उघडून पाहिला, तर प्रतिनिधिगृहाची सभा तहकूब झाल्याची नोंद जेथे संपते, तेथून पुढे बारीक टायपातला एक मजकूर सुरू झालेला आढळतो. बाविसाव्या नियमाच्या पहिल्या पोटकलमान्वये पुढील अर्ज व कागदपत्र चिटणिसांच्या मेजावर ठेवण्यात आले आणि खालीलप्रमाणे समित्यांकडे रवाना झाले, अशी त्याची ठराविक प्रस्तावना असते. मग ओळीमागून ओळ येत जाते: लष्करी छावण्यांतील उपाहारगृहांत बिअर विकण्यास बंदी करणारा १९०१ चा कायदा रद्द करू नये म्हणून मद्यपाननिषेधक मंडळींची विनंती, लोण्यासारखा पिवळा रंग दिलेल्या कृत्रिम लोण्यावर जबर कर बसवावा म्हणून दूधदुभत्याचा धंदा करणाऱ्यांची मागणी, डाकेने पार्सले जाऊ लागल्यास आपली दुकाने बसतील म्हणून खेड्यातील व्यापाऱ्यांची तक्रार, आणि यादवी युद्धात लढलेल्या एखाद्या शिपायाच्या विधवेचा, तनखा मिळावा अथवा वाढावा, असा अर्ज. ज्या प्रतिनिधीने अर्ज आणला त्याचे नाव, अर्जदार कोण, मागणी काय आणि समिती कोणती, एवढे चार तपशील एका ओळीत बसतात, आणि ज्या सभागृहाला उद्देशून तो लिहिलेला असतो त्याच्या कानी त्यातील एक शब्दही पडलेला नसतो.

ही मूक व्यवस्था मुळापासूनची नव्हे. अर्जाच्या कुळाचा मूळपुरुष शोधू गेल्यास इंग्लंडात जावे लागते, आणि तेथे अर्ज व कायदा यांत आज दिसते तेवढे अंतर सापडत नाही; कारण मध्ययुगीन पार्लमेंटात लोकसभेच्या सभासदांनी राजाकडे विनंती करावी, राजाने ती मान्य करावी आणि त्या मान्यतेलाच कायद्याचे स्वरूप यावे, अशी रीत होती. राज्यकर्त्यांना मात्र अर्जाचे भय नेहमीच वाटत आले. दुसऱ्या चार्लसच्या राज्यारोहणानंतर लवकरच, १६६१ मध्ये, वीसाहून अधिक सह्या असलेल्या अर्जाला स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी लागेल आणि दहाहून अधिक माणसांनी मिळून अर्ज घेऊन येऊ नये, असा कायदा झाला. पुढे १६८८ मध्ये सात बिशपांनी दुसऱ्या जेम्सच्या आज्ञेविरुद्ध त्यालाच अर्ज केला म्हणून त्यांच्यावर खटला भरला गेला. ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले, राजाला देश सोडून पळावे लागले, आणि १६८९ च्या हक्कांच्या सनदेत राजाकडे अर्ज करण्याचा प्रजेचा अधिकार स्पष्ट शब्दांत नमूद झाला. या घराण्याची एक शाखा आपल्याकडेही आली होती: जगन्नाथ शंकरशेट आदी मंडळींनी १८५२ मध्ये स्थापलेल्या बॉम्बे असोसिएशनने कंपनीच्या सनदेच्या नूतनीकरणापूर्वी ब्रिटिश पार्लमेंटाकडे पाठविलेला अर्ज हा त्याच परंपरेतला होय. परंतु आपल्याला येथे दुसऱ्या, अटलांटिकपलीकडील शाखेचा वंशवृक्ष पाहावयाचा आहे.

अमेरिकेच्या संघराज्याने १७९१ मध्ये आपल्या संविधानाला जी पहिली दुरुस्ती जोडली, तिच्यात धर्म, भाषण, मुद्रण व सभा यांच्या स्वातंत्र्याबरोबर गाऱ्हाण्यांच्या निवारणार्थ शासनाकडे अर्ज करण्याचा हक्कही ग्रथित केला. त्याच्याही आधी, १७८९ मध्ये, पहिल्या प्रतिनिधिगृहाने आपले नियम केले तेव्हा अर्ज सभापतीमार्फत अथवा सभासदाने आपल्या जागेवर उभे राहून सादर करावा आणि सभागृहाची तशी आज्ञा नसेल तर प्रथम वाचनाच्या दिवशीच त्यावर चर्चा अगर निर्णय करू नये, असे ठरले होते. या नियमात एक मर्म आहे. अर्ज मोठ्याने सादर व्हायचा, म्हणजे तो कोणी केला व कशासाठी केला हे सर्व सभासदांना, प्रेक्षकांच्या सज्जाला आणि वृत्तपत्रांच्या बातमीदारांना एकाच वेळी कळायचे. मग तो नाकारावयाचा तर नाकारणाऱ्यालाही चारचौघांत तोंड उघडावे लागे. सभासद अवघे पासष्ट असताना हे निभावण्याजोगे होते.

या पद्धतीतली दाहकता फार लवकर प्रत्ययास आली. फेब्रुवारी १७९० मध्ये क्वेकर पंथीयांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आणि लगोलग पेनसिल्व्हेनियाच्या गुलामगिरीविरोधी मंडळाने खुद्द गुलामगिरीविरुद्ध काँग्रेसकडे अर्ज केले. दुसऱ्या अर्जावर मंडळाचे अध्यक्ष या नात्याने वृद्ध बेंजामिन फ्रँकलिन यांची सही होती, आणि त्या सहीच्या वजनामुळे तो कागद सहजासहजी बाजूला सारता येईना. दक्षिणेकडील प्रतिनिधींनी आगपाखड केली, कित्येक दिवस वादविवाद चालला, आणि अखेर राज्याराज्यांतील गुलामांच्या मुक्ततेत हात घालण्याचा अधिकार काँग्रेसला नाही, असा निर्वाळा देऊन प्रकरण मिटविले गेले. मिटले अर्थातच नव्हते.

१८३० नंतर गुलामगिरीविरोधी मंडळांनी गावोगाव छापील नमुने वाटून सह्या गोळा करण्याचा उद्योग आरंभिला, तेव्हा प्रतिनिधिगृहावर अर्जांचा असा वर्षाव होऊ लागला की, मे १८३६ मध्ये सभागृहाने ११७ विरुद्ध ६८ मतांनी, गुलामगिरीविषयीचा कोणताही अर्ज न छापता, समितीकडे न धाडता परस्पर दप्तरात टाकावा, असा ठराव केला. आणि १८४० मध्ये तर असे अर्ज स्वीकारूच नयेत असा कायम नियम करून टाकला. या तोंडबंदीविरुद्ध जो पुरुष एखाद्या हटवादी वकिलाप्रमाणे वर्षानुवर्षे उभा राहिला तो जॉन क्विन्सी ॲडम्स, म्हणजे एकेकाळचा राष्ट्राध्यक्ष. राष्ट्राध्यक्षपद भोगून झाल्यावर साध्या प्रतिनिधीच्या बाकावर येऊन बसण्यात त्याला कमीपणा वाटला नाही, यातच त्याच्या स्वभावाची पारख होते. अर्जदाराची मागणी आपल्याला पटो वा न पटो, त्याचा अर्ज सभागृहासमोर मांडणे हे प्रतिनिधीचे कर्तव्य होय, ही त्याची भूमिका. जानेवारी १८४२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील हॅव्हरिल गावच्या शेहेचाळीस नागरिकांचा संघराज्य शांततेने विसर्जित करावे असे म्हणणारा अर्ज त्याने मांडला. संघराज्य मोडू नये असे मानणाऱ्या या वृद्धाने तो मांडला, शिवाय अर्जदारांची विनंती मान्य का करता येणार नाही याची कारणे सांगणारे उत्तर समितीने द्यावे अशी सूचनाही केली. तरी त्याच्यावर निषेधाचा प्रस्ताव आला, आणि त्या प्रस्तावाच्या निमित्ताने मिळालेल्या बचावाच्या हक्काचा उपयोग करून तो इतके दिवस बोलत राहिला की, विरोधकांनीच कंटाळून फेब्रुवारीत १०६ विरुद्ध ९३ मतांनी तो प्रस्ताव गुंडाळून ठेवला. ३ डिसेंबर १८४४ रोजी ॲडम्सच्या प्रस्तावावरून १०८ विरुद्ध ८० मतांनी तोंडबंदीचा नियम रद्द झाला.

इतिहासग्रंथांत ही कथा येथे विजयाच्या सुरात संपते. मला मात्र ज्या वर्षी हॅव्हरिलच्या अर्जाचे रण माजले त्याच १८४२ सालची एक लहानशी, निरुपद्रवी दिसणारी नियमदुरुस्ती अधिक दूरगामी वाटते. अर्जांच्या सादरीकरणात सभागृहाचा वेळ फार जातो, तो वाचावा, म्हणून सभासदांनी अर्ज चिटणिसांकडे दाखल करावेत, अशी ती दुरुस्ती होती. तिच्यावर कोणी ज्वलंत भाषणे केल्याचे प्रसिद्ध नाही. तोंडबंदीच्या नियमाने केवळ एका विषयाच्या अर्जांना दार लावले होते आणि म्हणूनच त्याविरुद्ध संताप उसळला. या सोयीच्या नियमाने सर्वच अर्जांना सारख्याच अदबीने आत घेतले आणि मेजावर बसवून ठेवले. पुढे १८७०, १८७९ व १८८७ मध्ये टप्प्याटप्प्याने खासगी विधेयकेही त्याच वाटेने चिटणिसांच्या मेजाकडे वळविण्यात आली.

अर्जावर प्रतिनिधीने स्वतःचे नाव घालावयाचे, तो कोणत्या समितीकडे जावा याचा शेरा मारावयाचा आणि कागद चिटणिसांच्या स्वाधीन करावयाचा; सभापतीच्या मते अश्लील अथवा अपमानकारक नसेल तर त्याची नोंद रोजनाम्यात व कार्यवृत्तात व्हायची. सिनेटने जुनी चाल अधिक काळ सांभाळली: तेथे सकाळच्या कामकाजाच्या वेळी सभासद उभा राहून अर्ज सादर करी, आणि तेथील लेखनिकांचा शिरस्ता असा की, अमुक व्हावे म्हणणारा कागद विनंतीअर्जात आणि अमुक होऊ नये म्हणणारा निषेधपत्रात मोडावयाचा. समितीकडे गेलेल्या अर्जावर समितीने काही केलेच पाहिजे, असे कोणतेही बंधन नव्हते.

असे असता लोक अर्ज का करीत राहिले? शिपायांच्या विधवांचे तरी कारण उघड होते. त्यांच्या अर्जातून खासगी विधेयक निघे, समिती अनुकूल अभिप्राय देई आणि शुक्रवारी ठेवलेल्या खास बैठकीत अशी विधेयके रांगेने संमत होत. सरकारविरुद्धच्या पैशाच्या दाव्यांचा बोजा कमी व्हावा म्हणून १८५५ मध्ये वेगळे दावा-न्यायालय स्थापन झाले होते, तरी व्यक्तिगत गाऱ्हाण्यांचा ओघ आटला नाही. येथे जुना अर्ज आपले जुने काम अजून करीतच होता.

सार्वजनिक प्रश्नांवरील अर्जांची गोष्ट निराळी. त्यांचे बळ मजकुरातून निघून आकारमानात गेले. यूटा राज्यातून निवडून आलेले ब्रिगहम रॉबर्ट्स हे बहुपत्नीक असल्यामुळे त्यांना बसू देऊ नये, म्हणून १८९९ मध्ये राष्ट्रध्वजांत गुंडाळलेली सह्यांची थोरली भेंडोळी काँग्रेसमध्ये आणण्यात आली. त्यांत सत्तर लाख सह्या असल्याचा दावा होता आणि त्यामागे हर्स्ट यांच्या ‘न्यूयॉर्क जर्नल’ पत्राचा पुढाकार होता. २५ जानेवारी १९०० रोजी सभागृहाने २६८ विरुद्ध ५० मतांनी रॉबर्ट्सना जागा नाकारली. काही वर्षांनी त्याच राज्याचे सिनेटर रीड स्मूट यांच्याविरुद्ध तितक्याच आवेशाने अर्ज लोटले, चौकशी १९०४ पासून १९०७ पर्यंत चालली, आणि सिनेटने त्यांना ठेवून घेतले. हवाईच्या मूळ रहिवाशांनी १८९७ मध्ये विलीनीकरणाविरुद्ध २१,२६९ सह्या गोळा केल्या, म्हणजे त्यांच्या समाजातील निम्म्याहून अधिक माणसे सहीच्या रूपाने वॉशिंग्टनला पोचली. सिनेटर होअर यांनी तो अर्ज सादर केला आणि विलीनीकरणाच्या तहाला लागणारी दोनतृतीयांश मते जुळेनाशी झाली. पण १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध जुंपताच, जेथे साधे बहुमत पुरते असा संयुक्त ठराव पुढे करून तीच बेटे पदरात पाडून घेण्यात आली. सह्यांची संख्या कितीही मोठी असली, तरी सत्तेला आडवाट सापडते.

मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांनी मेजाची ही मूकता ओळखून अर्जाचा प्रवासच बोलका केला. १९१० मध्ये चार लाखांहून अधिक सह्या मोटारगाड्यांच्या मिरवणुकीने कॅपिटॉलकडे गेल्या. १९१५ मध्ये सारा बार्ड फील्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून मोटारीने, तेव्हाचे रस्ते ध्यानात घेता मोठ्या धाडसाने, पाच लाख सह्यांचा म्हणून गाजलेला अर्ज वॉशिंग्टनला नेला. वाटेतल्या प्रत्येक शहरात सभा, स्वागत, वृत्तपत्रांत छायाचित्रे. अर्ज दाखल होण्यापूर्वीच त्याचे वाचन साऱ्या देशात होऊन चुकले होते, आणि सभागृहात तो वाचला जातो की नाही याला त्यामुळे फारसे महत्त्व उरले नाही.

तथापि निर्जीव झाला म्हणावे तर या कागदाचे भय सरकारला अजून वाटत होते. ३१ जानेवारी १९०२ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी असा हुकूम काढला की, केंद्र सरकारच्या कोणत्याही नोकराने पगारवाढीसाठी अथवा आपल्या हिताच्या कायद्यासाठी, एकट्याने किंवा संघटनेमार्फत, खातेप्रमुखाला डावलून काँग्रेसकडे जाऊ नये. गेल्यास नोकरी जाईल. १९०९ मध्ये त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी तो फास आणखी आवळला. याचा जाच सर्वांत अधिक झाला तो टपालखात्याच्या नोकरांना, आणि त्यांतही धावत्या आगगाडीच्या टपालडब्यांत पत्रे लावणाऱ्या कारकुनांना. मिसूरीचे प्रतिनिधी लॉइड आणि विस्कॉन्सिनचे सिनेटर ला फॉलेट यांनी त्यांची बाजू उचलून धरली, आणि २४ ऑगस्ट १९१२ च्या टपालखर्चमंजुरीच्या कायद्यात काँग्रेसकडे अर्ज करण्याच्या नोकरांच्या हक्कात कोणीही अडथळा आणू नये, असे कलम घातले गेले. पार्सल डाकेची योजना, जिच्याविरुद्ध खेड्यातील दुकानदारांचे अर्ज वर्षानुवर्षे मेजावर साठत होते, तीही याच कायद्याने मंजूर झाली. एकाच कागदावर एकाचा अर्ज फुकट गेला आणि दुसऱ्याला अर्ज करण्याचा हक्क परत मिळाला.

या कुळाला अखेरीस एक अनपेक्षित वंशज झाला. विधेयके समितीत अडकून पडावयाची आणि समित्या सभापती जोसेफ कॅनन यांच्या मुठीत, या कारभाराविरुद्ध मार्च १९१० मध्ये जॉर्ज नॉरिस यांच्या पुढाकाराने प्रतिनिधिगृहात बंड झाले. त्याच वर्षी अडलेले विधेयक समितीकडून काढून घेण्याची तरतूद नियमांत आली, आणि १९२४ मध्ये तिला अर्जाचे रूप मिळाले: दीडशे प्रतिनिधींनी सह्या केल्या तर समितीने कोंडलेले विधेयक सभागृहापुढे येईल. १९३५ पासून २१८ सह्या लागू लागल्या. नागरिकाचा अर्ज ज्या चिटणिसांच्या मेजावर निमूट ठेवला जात असे, तेथेच आता स्वतः प्रतिनिधींना सहीसाठी यावे लागे. मे १९३८ मध्ये किमान वेतन व कामाचे तास ठरविणारे विधेयक नियमसमितीने दाबून धरले होते. ते सोडविण्याच्या अर्जावर सह्या करावयास सभासदांनी अशी गर्दी केली की, २१८ चा आकडा अडीच तासांच्या आतच भरला, आणि २५ जूनला त्या विधेयकाचा कायदा झाला.