पिंपरी ते पाटणचेरू: प्रतिजैविकांच्या चोथ्याचा इतिहास

१९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्या पर्वाविषयी अभिमानाने पुष्कळ लिहिले गेले आहे. औषध काढून घेतल्यावर मागे जे उरते, त्याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. हा धागा त्या उरलेल्या वस्तूविषयी.

पेनिसिलिन ही बुरशीची देणगी. पोषक द्रावणात बुरशी वाढवायची, द्रावण गाळून औषध वेगळे करायचे. गाळणीवर राहतो तो ओला चोथा. त्यात प्रथिने विपुल, म्हणून तो लवकर सडतो. औषधाचा अंशही असतो, म्हणून खत वा पशुखाद्य म्हणून निर्धास्तपणे वापरता येत नाही. चीनने २००८ मध्ये अशा चोथ्याचा समावेश घातक कचऱ्याच्या यादीत केला.

यावरचा एक उपाय आपल्या परिचयाचा आहे: गोबरगॅस. हवाबंद टाकीत जिवाणूंकडून घाण कुजवून वायू मिळवण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैल्याच्या वायूवर दिवे लागत होते. फरक तापमानाचा. नेहमीची टाकी ३५ अंशांच्या आसपास चालते. इथे ती ५५ अंशांवर ठेवतात. त्या उष्णतेत पेनिसिलिनचा रेणू लवकर फुटतो, रोगजंतू मरतात आणि कुजण्याचा वेग वाढतो.

पण गंमत अशी, की जिवाणू मारण्यासाठी घडवलेले द्रव्य जिवाणूंनाच खायला घालायचे आहे! मिथेन निर्माण करणारे आदिजीव पेनिसिलिनला दाद देत नाहीत, कारण ते ज्या भिंतीवर घाला घालते ती त्यांना नसतेच. त्यांना अन्न पुरवणारे जिवाणू मात्र बळी पडू शकतात. शिवाय प्रथिनांतून अमोनिया सुटतो आणि उष्णतेत तो अधिक जाचक ठरतो. म्हणून चोथ्यात दुसरा सेंद्रिय कचरा मिसळणे इष्ट.

असा कचरा शहरांत मुबलक. सोलापुरात तर शहरी कचऱ्यापासून जैववायू व वीज निर्माण करणारा प्रकल्प उभारला गेला, आणि औषधद्रव्यांचे कारखानेही याच परिसरात आहेत. अर्थात तो प्रकल्प घरगुती कचऱ्यासाठी आहे. त्यात औषधी चोथा सहज ढकलून द्यावा असे कोणी समजू नये.

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावरच पाटणचेरू लागते. औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या तेथील केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन असल्याचे २००७ मध्ये स्वीडिश संशोधकांनी प्रसिद्ध केले. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही इतके नसते. हे औषध बुरशीतून नव्हे, रासायनिक संश्लेषणातून येते. ५५ अंशांना ते जुमानत नाही आणि गाळाला चिकटून राहते. उष्ण टाकीची मर्यादा इथे उघड होते.

जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या अंशांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा नव्हत्या.