महाराष्ट्रातील ज्यू समाज आणि सार्वजनिक पदे : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात ज्यू समाजाचा उल्लेख बहुधा कोकणच्या किनाऱ्यावरील त्यांचे आगमन, तेलाचा व्यवसाय आणि शनिवारी काम बंद ठेवण्याच्या प्रथेमुळे त्यांना मिळालेले ‘शनवार तेली’ हे नाव एवढ्यापुरताच येतो. या समाजातील व्यक्तींनी लष्करात, संस्थानी कारभारात, वैद्यकीय सेवेत आणि मुंबईच्या महानगरपालिकेत जी पदे भूषविली, त्यांचा एकत्रित विचार क्वचितच होतो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या जनगणनेत संपूर्ण भारतातील ज्यूंची संख्या सुमारे २६ हजार होती. एवढ्या अल्पसंख्य समाजाला सत्तास्थाने कोणत्या मार्गाने मिळाली आणि कोणत्या मार्गाने मिळू शकली नाहीत, हा प्रश्न प्रातिनिधिक लोकशाहीच्या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे.

दोन समाज, दोन परंपरा

महाराष्ट्रातील ज्यू समाज एकजिनसी नव्हता. कुलाबा जिल्ह्यातील (आजचा रायगड) गावागावांतून विखुरलेले बेने इस्राएल मराठी बोलत, मराठी पेहराव करीत आणि गावावरून आडनाव लावीत. राजपूरकर, दिवेकर, केहिमकर ही आडनावे त्याची साक्ष देतात. याउलट बगदादी ज्यू हे एकोणिसाव्या शतकात पश्चिम आशियातून आलेले व्यापारी होते. १८३० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत स्थायिक झालेले डेव्हिड ससून हे त्यांचे अग्रणी होत.

या दोन गटांचे सत्तेशी असलेले नाते भिन्न होते. बगदादी धनिकांना सरकारी मानमरातब संपत्ती व दानधर्मामुळे लाभले. डेव्हिड ससून यांचे पुत्र अल्बर्ट ससून हे मुंबईच्या कायदेमंडळाचे नियुक्त सदस्य होते. सर ससून डेव्हिड हे १९०५ मध्ये मुंबईचे शेरीफ झाले आणि १९०६ मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ इंडियाच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. बेने इस्राएलांपाशी असे भांडवल नव्हते. त्यांची वाटचाल नोकरी आणि शिक्षण यांच्या आधाराने झाली.

लष्कर आणि संस्थानी कारभार

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात बेने इस्राएल मोठ्या प्रमाणावर भरती होत आणि त्यांतील अनेक जण सुभेदार पदापर्यंत पोहोचत. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सामाजी हसाजी, म्हणजेच सॅम्युएल एझिकेल दिवेकर, हे कंपनीच्या सैन्यातील अधिकारी होते. समाजाचे पहिले नेतृत्व अशा रीतीने लष्करी सेवेतून निर्माण झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लष्कराची पुनर्रचना जात व जमात यांच्या आधारे होऊ लागली. एकाच जमातीच्या तुकड्या उभारण्याचे हे धोरण होते. स्वतंत्र तुकडी उभी राहील एवढे संख्याबळ बेने इस्राएलांकडे नसल्याने त्यांना बढतीचा मार्ग अरुंद झाला. पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने केलेली सेवा संख्येच्या निकषापुढे निरुपयोगी ठरली. पुढे मतदारसंघांच्या प्रश्नातही याच निकषाने या समाजाची कोंडी केली, म्हणून हा टप्पा विशेष लक्षात घ्यावा लागतो.

सैन्याचा मार्ग आकुंचित होत असताना शिक्षणाने पर्यायी मार्ग उपलब्ध करून दिला. हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये मुंबईत बेने इस्राएलांची शाळा सुरू झाली. टपाल, रेल्वे, जकात आणि सचिवालय या खात्यांत हा समाज स्थिरावला. संस्थानी कारभारातही त्यांना संधी मिळाली. शालोम बापूजी इस्राएल यांनी जंजिरा संस्थानात, तर जेकब बापूजी इस्राएल यांनी औंध संस्थानात कारभारीपद सांभाळले. मुस्लिम नबाब आणि हिंदू पंतप्रतिनिधी या दोन्ही सत्ताधीशांनी ज्यू प्रशासकावर विश्वास टाकला, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

राष्ट्रीय चळवळ आणि समाजाची द्विधा

१९१६ मध्ये लोकमान्य टिळकांवर होमरूलविषयक भाषणांबद्दल जामीन मागणारी कारवाई झाली. त्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयात बॅ. जिना यांच्यासमवेत टिळकांच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांत बॅ. डेव्हिड एरूलकर होते. मात्र नोकरीवर अवलंबून असलेल्या समाजाला सरकारविरोध परवडणारा नव्हता. १९१७ च्या सुमारास बेने इस्राएल परिषद आणि ऑल इंडिया इस्रायलाइट लीग अशा दोन संघटना उदयास आल्या. परिषदेत डॉ. एलिजा मोझेस, तर लीगमध्ये एरूलकर व जेकब बापूजी इस्राएल प्रमुख होते. हजारांत मोजता येणाऱ्या समाजात दोन अखिल भारतीय संघटना निर्माण व्हाव्यात, यावरून राजकीय दिशेविषयीचा अंतर्गत संघर्ष किती तीव्र होता हे स्पष्ट होते.

मुंबई महानगरपालिका : संकेताचे राजकारण

ज्यू समाजाला निर्वाचित सत्तेचा खरा लाभ झाला तो मुंबई महानगरपालिकेत. सर ससून डेव्हिड आणि मेयर निसीम या बगदादी ज्यूंनी पालिकेचे अध्यक्षपद भूषविले. १९३१ पासून या पदास महापौर हे नाव रूढ झाले. १९३७ मध्ये डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर हे महापौर झाले. कोकणातील तेल्यांच्या परंपरेतून आलेल्या समाजाचा प्रतिनिधी देशाच्या आर्थिक राजधानीचा प्रथम नागरिक झाला.

ही निवड केवळ वैयक्तिक कर्तृत्वाचे फळ मानणे अपुरे ठरेल. त्या काळातील महापौरांची क्रमवारी पाहिली असता १९३५ मध्ये पारशी (के. एफ. नरिमन), १९३६ मध्ये हिंदू (जमनादास मेहता), १९३७ मध्ये ज्यू (डॉ. मोझेस) आणि १९३८ मध्ये मुस्लिम (सुलतान चिनॉय) असा क्रम आढळतो. त्याआधी १९२५ मध्ये जोसेफ बॅप्टिस्टा हे ख्रिस्ती नेते अध्यक्ष झाले होते. महापौरपद विविध समाजांत फिरते ठेवण्याचा संकेत मुंबईने जोपासला होता. हा संकेत कायद्याने लादलेला नव्हता. नगरसेवकांच्या परस्पर समजुतीवर तो आधारलेला होता.

मतदारसंघांचा प्रश्न

याच वर्षी, म्हणजे १९३७ मध्ये, १९३५ च्या कायद्यानुसार प्रांतिक निवडणुका झाल्या. मुंबई प्रांताच्या विधानसभेत मुस्लिम, युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि भारतीय ख्रिस्ती यांना स्वतंत्र जागा होत्या. ज्यूंना अशी जागा नव्हती. पारशांनाही ती नव्हती, परंतु त्यांचे संख्याबळ, संपत्ती आणि फिरोजशहा मेहतांपासूनची राजकीय परंपरा यांच्या बळावर त्यांची उणीव भरून निघत असे. बेने इस्राएलांना ते शक्य नव्हते. स्वतंत्र मतदारसंघासाठी ते संख्येने फार थोडे, तर सर्वसाधारण मतदारसंघात स्वतःच्या मतांवर उमेदवार निवडून आणण्यासही असमर्थ होते. परिणामी, ज्या वर्षी शहराने ज्यू महापौर निवडला, त्याच वर्षी प्रांताच्या प्रतिनिधित्वाच्या योजनेत या समाजाला नावानिशी स्थान नव्हते.

स्वातंत्र्योत्तर काळ

स्वातंत्र्यानंतर गुणवत्तेच्या क्षेत्रांत या समाजातील व्यक्ती पुढे आल्या. १९२८ ते १९४७ या काळात कामा रुग्णालयाच्या अधीक्षक राहिलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. नौदलातील ॲडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन हे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुख झाले. कलकत्त्याच्या बगदादी कुटुंबातील लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब यांनी गोव्याचे आणि नंतर पंजाबचे राज्यपालपद सांभाळले. तथापि यांतील बहुतेक पदे नियुक्तीची होती. १९४८ नंतर इस्राएलकडे झालेल्या स्थलांतरामुळे समाज काही हजारांवर आला आणि निर्वाचित राजकारणातील त्याचे अस्तित्व जवळजवळ संपले. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा समाजाचा मोठा भाग देशाबाहेर गेलेला होता.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, जेथे व्यक्तीची योग्यता मोजली गेली तेथे ज्यू समाज पुढे आला आणि जेथे समूहाची संख्या मोजली गेली तेथे तो मागे पडला. लष्करातील जमातवार तुकड्या आणि कायदेमंडळातील जमातवार जागा ही एकाच विचाराची दोन रूपे होती. याला अपवाद ठरला तो मुंबई महानगरपालिकेचा फिरत्या महापौरपदाचा संकेत. त्याने संख्येचा निकष बाजूला ठेवून अत्यल्प समाजालाही मान दिला. परंतु संकेत हा बहुसंख्यांच्या सद्भावनेवर टिकतो, तो हक्क नसतो. भारतात ज्यूंचा छळ झाला नाही, याचा सार्थ अभिमान बाळगला जातो. मात्र छळ न होणे आणि सत्तेत वाटा मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. महाराष्ट्रातील ज्यू समाजाच्या इतिहासातून हा भेद स्पष्ट होतो आणि आजच्या इतर अत्यल्पसंख्य समाजांच्या प्रतिनिधित्वाचा विचार करतानाही तो उपयुक्त ठरतो.