सिग्नलवर थरथरणारी गाडी : ‘मिसिंग’चे निदान

सिग्नलला गाडी उभी राहताच स्टीअरिंग थरथरू लागते, आरपीएमचा काटा वरखाली होतो आणि कधी इंजिन बंदही पडते. गॅरेजच्या भाषेत हे ‘मिसिंग’. तक्रार ऐकताच अनेक ठिकाणी प्लग, फिल्टर, मग इंजेक्टर अशी बदलाबदली सुरू होते. बिल फुगते, थरथर मात्र कायम राहते. वास्तविक हा दोष नेमका केव्हा जाणवतो, हे वाहनमालकाने नीट पाहून सांगितले तर निम्मे निदान तिथेच होते.

तापलेले पेट्रोल इंजिन उभ्या गाडीत साधारणपणे मिनिटाला ७०० ते ९०० फेरे घेते. थंड इंजिन सुरुवातीला याहून वेगाने फिरते आणि एसी लावल्यावर फेरे किंचित वाढतात. हा बिघाड नव्हे. तीन सिलिंडरची इंजिने जात्याच थोडी अधिक थरथरतात. काटा स्थिर असून केवळ गाडी हादरत असेल, तर संशय इंजिनाच्या माउंटिंगवर घ्यावा. तिथले रबर फाटले असेल तर प्लग बदलून काहीच साधत नाही.

काटाच डळमळत असेल, तर न्यूट्रलमध्ये हलकी रेस देऊन पाहावी. रेस देताच इंजिन सुरळीत होत असेल, तर कुठून तरी चोरवाटेने हवा शिरत असण्याची शक्यता मोठी. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढल्यावर थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि तिच्यामागे मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो. अशा वेळी एखाद्या रबरी नळीची चीरही पुरेशी हवा ओढून घेते. काही गाड्यांत त्यामुळे मिश्रण पातळ होते, काहींत फेरे उगाच वाढतात. रेस दिल्यावर मुळात हवाच भरपूर येते, तेव्हा ही गळती नगण्य ठरते. ब्रेकचा बूस्टरही बहुतेक पेट्रोल गाड्यांत याच निर्वातावर चालतो. मिसिंगसोबत ब्रेकचे पेडल कडक लागू लागले असेल, तर त्याची नळी सर्वप्रथम तपासावी. इथे प्रश्न केवळ थरथरीचा राहत नाही. गळती शोधण्यासाठी तापल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडण्याची जुनी खोड आगीला निमंत्रण देणारी आहे. धूर सोडून केलेली तपासणी सुरक्षित.

रेस देऊनही ठराविक लयीत धक्के बसत असतील, तर एखादे सिलिंडर काम करीत नसावे. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्कॅनर जोडला की ते सिलिंडर कळते : पी०३०१ म्हणजे पहिले, पी०३०२ म्हणजे दुसरे. कोड मिळाला म्हणून लगेच नवी कॉइल घेऊ नये. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असल्यास इंजिन बंद करून संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बसवावी. दोष तिच्यासोबत सरकला तर कॉइल खराब. जागीच राहिला तर प्लग, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन तपासावे.

मुंबई-पुण्यातील सीएनजी गाड्यांना एक सोय आयतीच मिळालेली असते. इंधन बदलून पाहावे. केवळ पेट्रोलवर मिसिंग होत असेल, तर पेट्रोलचे इंजेक्टर वा पंप; केवळ सीएनजीवर असेल, तर प्रथम गॅसचा रेग्युलेटर, त्याचे फिल्टर आणि इंजेक्टर पाहावेत. दोन्हींवर असेल, तर प्लग, कॉइल किंवा हवागळती. मात्र झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो आणि सीएनजीवर दगा देतो, कारण गॅस पेटविण्यास अधिक दाबाची ठिणगी लागते.

इंजिनाचा पिवळा दिवा नुसता लागलेला असेल, तर गॅरेजपर्यंत सावकाश जाता येते. तो लुकलुकत असेल, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो अतितप्त होऊन निकामी होतो. कॉइलच्या तुलनेत त्याची किंमत कितीतरी अधिक.

बॅटरी बदलल्यावर किंवा थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर पहिले काही किलोमीटर काटा हलू शकतो. इंजिनाचा संगणक हवेचे नवे प्रमाण शिकत असतो. काही गाड्यांत स्कॅनरने ते शिकवावे लागते. नुकतेच हे काम झाले असल्यास मेकॅनिकला ते आधीच सांगावे.